चहापासून किल्लीपर्यंत : मंडळीत नवीन माणूस रुजवायचा कसा

पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली एक व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं फिरली. बोलावलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा प्यालं, कुणी कप नुसता हातात धरला, पण नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आम्हा पुण्याच्या ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट सांगायला फार आवडते, कारण तिच्यात कोतेपणा दुसऱ्याचा आहे.

मीही ती वर्षानुवर्षं सांगितली. मग एका रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या चर्चच्या व्हरांड्यात चहा चालू होता. नगरवाले एका कोपऱ्यात, सोलापूरवाले पायऱ्यांवर, कमिटीचे वडील झाडाखाली, तरुण संघ आपापल्या गाड्यांवर बसलेला. आणि एक पंचविशीची मुलगी कागदी कप धरून नोटीस बोर्ड वाचत उभी. बोर्डावर मयत फंडाच्या, म्हणजे दफनाच्या खर्चासाठीच्या वर्गणीच्या, थकबाकीची यादी होती. ती यादी तिने दोनदा वाचली, कप टोपलीत टाकला आणि गेली. चहा आम्ही तिला दिला होता, अगदी बिस्किटासकट.

तुम्ही नुकतेच पास्टरेट कमिटीवर (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर) निवडून आला असाल, तरुण संघाचं काम अंगावर पडलं असेल, किंवा वाघोली-हडपसरकडे एखादा हॉल भाड्याने घेऊन पंधरा-वीस घरांची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, उभी करत असाल, तर हे तुमच्यासाठी. माझा अनुभव मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा आहे. कॅथलिक धर्मग्रामाची (पॅरिशची) घडी वेगळी असते, पण व्हरांड्यातला चहा सगळीकडे सारखाच.

पहिली पायरी : एक रविवार परके व्हा

कमिटीची बैठक बोलावण्याआधी हे करा. तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा चर्चमध्ये एकटे जा. पुण्यात पर्यायांना तोटा नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च आहे, ज्याची जागा सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांकडून मिळाली. कॅम्पातलं १८२५ चं सेंट मेरीज आहे. आजूबाजूला तमिळ, तेलुगू, मल्याळम, इंग्रजी उपासना चालतात. जी भाषा नीट येत नाही तिथे गेलात तर उत्तमच. गेटपासून परत गेटपर्यंत काय काय वाटलं ते घरी येऊन लिहा. कुठे बसावं कळलं का? कधी उठायचं, कधी बसायचं? कुणी बोललं का, आणि बोललं तर दुसरा प्रश्न कोणता विचारला?

मग उलट करा. शेजारच्या किंवा ऑफिसातल्या ख्रिस्ती नसलेल्या, मोकळं बोलणाऱ्या मैत्रिणीला तुमच्या चर्चला बोलवा, फक्त बघायला. माझ्या एका सहकारी बाईंनी मला जे सांगितलं ते पंचवीस वर्षांत मला दिसलं नव्हतं. त्यांचा पहिला प्रश्न होता, चपला कुठे काढायच्या? त्यांनी सवयीने बाहेर काढल्या, आत गेल्या, पाहतात तो सगळे बूट घालून बसलेले. अख्खी उपासना त्या पाय साडीत ओढून बसल्या होत्या. गावाकडे कित्येक चर्चमध्ये चपला बाहेरच काढतात, शहरात बहुतेक ठिकाणी नाही. तुमच्याकडे जे असेल ते दारावर एका ओळीत लिहा. दुसरं, पुढून कुणी तरी ‘एकशे बेचाळीस’ असा गीताचा नंबर म्हणालं आणि सगळे उभे राहिले. त्यांना वाटलं आपला नंबर पुकारतात की काय.

याच वेळी बाहेरची पाटीही तपासा. आमच्या पाटीवर उपासना नऊला होती, उन्हाळ्यात ती साडेआठला व्हायची, आणि फोनच्या नकाशावरची खूण मागच्या बंद फाटकावर होती. वर्षभर नवे लोक त्या फाटकाशी येऊन परत गेले असतील, देव जाणे किती.

दुसरी पायरी : दारातली माणसं

दारात दोघं हवीत, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि दोघांपैकी एक तिशीच्या आतलं. चेअरमनना उभं करू नका. त्यांच्याशी बोलायला जुन्यांचीच रांग लागते आणि नवा माणूस कडेने आत सरकतो. ज्याला मंडळीत येऊन दोन-तीन वर्षं झाली आहेत तो या कामाला सगळ्यांत चांगला. अवघडलेपण त्याला अजून आठवत असतं.

काय बोलायचं? ‘जय ख्रिस्त’ किंवा ‘सलाम’ जुन्यांना. अनोळखी माणसाला साधा नमस्कार, आपलं नाव, आणि ‘पहिल्यांदा येताय का? मी तुमच्याबरोबर बसते.’ बस्स. हे शेवटचं वाक्य हारतुऱ्यांपेक्षा मोलाचं आहे. सोबत बसणारी बाई ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं पान काढून देते, कधी उठायचं ते हळूच सांगते, दानाची थैली येताना ‘पाहुण्यांनी टाकायलाच हवं असं नाही’ हेही सांगते.

एक प्रथा मात्र आजच बंद करा. ‘आज जे नवीन आले आहेत त्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी.’ आपल्याला वाटतं हा मान आहे. काहींना आवडतंही, नाही असं नाही. पण मी उभं राहिलेल्यांचे चेहरे पाहिले आहेत. घरी न सांगता आलेली मुलगी, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, दुसऱ्या मंडळीत भांडून आलेला माणूस, यांना दोनशे डोळ्यांसमोर ‘आपण कुठून आलात’ याचं उत्तर द्यायचं नसतं.

तिसरी पायरी : बाक

आमच्याकडे चौथ्या रांगेतला डावीकडचा बाक एका घराण्याचा आहे. कागदावर नाही, पण आहे. एकदा एक वयस्क जोडपं तिथे बसलं आणि घराण्यातल्या काकूंनी अगदी गोड आवाजात ‘जरा पलीकडे सरकता का, आमची मंडळी यायचीयत’ म्हटलं. जोडपं सरकलं, पुढच्या रविवारी आलं नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’, असा प्रसंग आहे. त्यावर आमच्याकडे त्याच वर्षी दोनदा संदेश, म्हणजे प्रवचन, झाला होता. काकूंनी दोन्ही ऐकले होते, त्याच बाकावर बसून.

उपाय साधा आहे. शेवटच्या तीन रांगा नव्यांसाठी आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवा, आणि कमिटीच्या प्रत्येक घराने महिन्यातून एकदा जागा बदलावी असं ठरवा. काकू पहिले दोन महिने रागावतील.

चौथी पायरी : चहा

खरं स्वागत उपासना सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत होतं किंवा होत नाही. आम्ही एक नियम केला: पहिली दहा मिनिटं आपल्या नातेवाइकांशी आणि कमिटीच्या कामाचं बोलायचं नाही. ज्याच्याशी गेल्या रविवारी बोललो नाही त्याच्याशी बोलायचं. सुरुवातीला सगळे शाळकरी मुलांसारखे लाजत होते, आणि खजिनदार तर घड्याळ बघून अकराव्या मिनिटाला पावत्या काढायचे. पण सहा महिन्यांत सवय लागली.

चहाचा कप टेबलावरून उचलायला लावण्यापेक्षा कुणी तरी तो नेऊन द्यावा. हातात ट्रे असला की अनोळखी माणसाजवळ जायला निमित्त मिळतं. आमच्याकडे दहावी-बारावीची मुलं ट्रे फिरवतात, आणि बुजरी मुलंच ते काम मागून घेतात.

मोठं जेवण असेल, नाताळचं किंवा वार्षिक प्रीतिभोजन, तर मटणाच्या हंडीशेजारी शाकाहारी भांडं ठेवा आणि त्याचा डाव वेगळा ठेवा. ‘आपण शुद्ध-अशुद्ध मानत नाही’ हे खरं आहे, पण पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या ताटात ते सिद्ध करायची गरज नाही. आणि शिकायला आलेली मुलं मंडळीत असतील तर एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. महिन्यातून एका रविवारी रात्री कुणाच्या तरी घरी वरण-भात-भाजी एवढंच केलंत, तरी ईशान्येकडून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेली पोरं वर्षानुवर्षं नाव काढतात.

घरोघरच्या प्रार्थना सभांनाही हाच न्याय. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी समोसे येतात, तिसऱ्या घरी केक. मग एका खोलीत राहणारं घर ‘आमच्याकडे ठेवा’ म्हणत नाही. फक्त चहा असा नियम लिहून काढा, आणि तो मोडणारा पहिला माणूस पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) नसावेत.

पाचवी पायरी : ‘मूळचे कुठले?’

हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! ‘मूळचे कुठले?’ ‘राहुरीचे.’ ‘राहुरीत कुठल्या गावचे? आडनाव काय? म्हणजे त्या मास्तरांचे कोण?’ दोन मिनिटांत नातं निघतं, टाळी दिली जाते. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं आहे, मला यातला आनंद ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून नगरकडची घरं मास्तर, बायबलबाई, नर्स, पाळक म्हणून महाराष्ट्रभर पसरली, आणि पुण्यात दोन नगरकर भेटले की अर्धं चर्च नात्यात निघतं.

पण ज्याचं नातं निघत नाही त्याचं काय? आणि खरं बोलायचं तर या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न लपलेला असतो. गावात घर कुठल्या बाजूला होतं, आजोबा कोणत्या समाजातून आले. आपण जात विचारत नाही, आडवाटेने काढून घेतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, म्हणजे त्या सवलतीच्या कागदावर आम्हाला जात नाही. लग्नाच्या बोलणीत मात्र ती बरोबर येऊन बसते. कागदावर एक नाव आणि मंडळीत दुसरं नाव असलेली माणसंही तुमच्याकडे येतील. कारण विचारू नका. ज्या नावाने हाक मारा म्हणतील त्या नावाने मारा, आणि रजिस्टरचा विषय पाळकांवर सोडा.

दारातल्या आणि चहाच्या ट्रेवरच्या मंडळींना आम्ही तीन प्रश्न वर्ज्य केले: मूळ गाव, पगार, आणि ‘लग्न झालं का’. ‘मग बोलायचं काय?’ असं एका काकांनी खरोखर विचारलं. ‘पुण्यात कुठे राहता, येताना त्रास झाला का, आज कोणतं गीत आवडलं’ इथून सुरुवात करा. माणसाला सांगायचं असेल तर गाव तो स्वतःच सांगतो, आणि मग हवी तेवढी टाळी द्या.

याच जातकुळीतली दुसरी गोष्ट म्हणजे विधवा. आपल्या लग्नात हळद लागते, ठीक आहे, महाराष्ट्रातली माणसं आहोत. पण हळद लावायला विधवेला पुढे बोलवत नाहीत, ही प्रथा पवित्र शास्त्रात कुठे आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. महिला मंडळाने मनावर घेतलं तर एका लग्नसराईत बदलते.

आणि तिसरी, पैसा. कापणीच्या सणाला शेतमाल आणि घरचे पदार्थ लिलावाला येतात, एकेक नारळ हजार-दोन हजारांना जातो, चर्चला पैसा मिळतो, मजाही येते. लिलाव बंद करा असं मी म्हणणार नाही. पण शेजारी दहा-वीस रुपयांचं एक टेबल मांडा, जिथून धुणीभांडी करणारी बाईसुद्धा आशीर्वादाची जुडी घरी नेऊ शकेल. देणगीदारांची नावं रकमेसह पुलपीटवरून (संदेश देतात त्या व्यासपीठावरून) वाचणं मात्र बंदच करा. आमचं उत्पन्न त्याने कमी झालं नाही. झालं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

सहावी पायरी : भाषा

आपली उपासनेची मराठी जुनी आहे. ‘तारण’, ‘प्रायश्चित्त’, ‘सहभागिता’, ‘दृढीकरण’ हे शब्द आपल्या कानाला आईच्या आवाजासारखे आहेत, पण इंग्रजी माध्यमातल्या आपल्याच नातवंडांना ते कळत नाहीत. नव्या माणसाला तर त्यातल्या काहींचा भलताच अर्थ माहीत असतो. पंचहौदच्या चहानंतरचं प्रायश्चित्त वेगळं आणि आपलं वेगळं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरावर घालवली, ती साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून. त्या १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडलं. शास्त्रीपंडितांची संस्कृत जिभेवर असलेल्या बाईने सोपं लिहिण्यासाठी एवढे कष्ट घेतले, तर आपण उपासनापत्रिकेच्या मागे दहा शब्दांचे अर्थ छापायला हरकत नसावी.

मोठ्या अक्षरांतल्या गीतांच्या पाच-दहा प्रती दारात ठेवा. पडद्यावर शब्द दाखवत असाल तर छानच, पण पेटीच्या उंच पट्टीचं काय करणार? नव्या माणसाला शब्द मिळूनही गाता येत नाही, कारण गीत फक्त आमच्या दोन सोप्रानो मावशींच्या गळ्यासाठी लावलेलं असतं. पट्टी खाली घ्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर लावा. ती चाल कानावर पडली की वारकरी घरातून आलेला माणूस दुसऱ्या कडव्याला ठेका धरतो, हे मी पाहिलेलं आहे.

एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी आणि नंतर मराठी उपासना होत असेल, तर दोन मंडळ्यांची गाठ फक्त पार्किंगवरून भांडताना पडते. तीन महिन्यांतून एकदा एकत्र उपासना ठेवा, वाचन दोन-तीन भाषांत, संदेश छोटा. पाळकसाहेबांना ‘छोटा’ म्हणजे बारा मिनिटं हे आकड्यात सांगा.

सातवी पायरी : बाप्तिस्मा न झालेले

तुमच्याकडे दर रविवारी येणारी, शास्त्र वाचणारी, प्रार्थना करणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली माणसं असतील. घरची परिस्थिती असते, नोकरी असते, मनाची तयारी व्हायची असते, किंवा त्यांना तो घ्यायचाच नसतो. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. शंभर वर्षं उलटली आणि आपण अजून चहाच्या दुसऱ्या घोटाला ‘मग बाप्तिस्मा कधी?’ विचारतो. विचारू नका. त्यांना विचारायचं असेल तेव्हा ते पाळकांना विचारतील.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, वेळी काय करायचं हे दर वेळी स्पष्ट सांगा. कुणी घ्यावं याचे नियम प्रत्येक मंडळीचे वेगळे आहेत, ते तुमच्या पाळकांकडून नीट समजून घ्या. पण जो घेणार नाही त्याने काय करावं, हे कुणीच सांगत नाही. ‘ज्यांना प्रभुभोजन घ्यायचं नाही त्यांनीही पुढे यावं, डोकं लववावं, आशीर्वाद दिला जाईल’ एवढं वाक्य पाळकांनी म्हटलं की बाकावर एकटं उरलेलं माणूस दिसत नाही. प्याल्यात द्राक्षरस आहे की वाइन हेही सांगा. दारू सोडलेल्या माणसासाठी तो प्रश्न बारीक नाही.

फोटो. परवानगीशिवाय कुणाचाही फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. एका फोटोमुळे कुणाच्या घरी, कुणाच्या वस्तीत काय होऊ शकतं ते आपल्याला सांगायला नको. तसंच नंबर घेतला म्हणजे ग्रुपमध्ये ओढायचं नाही. आणि प्रार्थना-विनंत्या! ‘अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात बरंच चाललंय’ ही प्रार्थना-विनंती नाही, ही चहाडी आहे, शेवटी आमेन लावलेली. विनंती टाकण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारा: टाकू का, आणि काय शब्दांत?

नाताळच्या कॅरल फेरीलाही आधी विचारून जा. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, घरमालकाला न सांगितलेल्या मुलीच्या दारात रात्री अकराला गिटार घेऊन वीस जण उभे राहणं हे तिच्यासाठी शुभवर्तमान नसतं.

आठवी पायरी : उतार, मुलं आणि इतर न टाळण्याजोगं

ही कामं चर्चेची नाहीत, करायची आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ ला १२ या प्रमाणात हवा, म्हणजे ६ इंचांच्या पायरीला किमान ६ फूट लांब. आमच्या ठेकेदाराने पहिल्यांदा केलेला उतार इतका उभा होता की त्यावरून फक्त लहान मुलं घसरगुंडी खेळायची. दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटिमीटर. पुढच्या रांगेत बाकाचा एक तुकडा काढून खुर्चीला जागा करा, म्हणजे त्या माणसाला वाटेत बसवावं लागणार नाही. गुडघे टेकता येत नाहीत त्यांना प्रभुभोजन जागेवर नेऊन द्या.

संडे स्कूलच्या वर्गात एका वेळी दोन मोठी माणसं हवीतच, नात्यातली नकोत. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी कमिटीत बोलू, मंडळीचं नाव जाईल’ हा पर्याय उपलब्ध नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीवर लावा.

नववी पायरी : जिथे आपलं एकमत नाही

घटस्फोटित, दुसऱ्या धर्मात लग्न केलेले, समलिंगी, तृतीयपंथी. ही माणसं आपल्या मंडळीत आहेत. ‘आमच्याकडे नाहीत’ म्हणणाऱ्या मंडळीत ती फक्त गप्प बसलेली आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, पण चर्चमध्ये यावर टोकाचे मतभेद आहेत आणि ते या लेखाने मिटणार नाहीत. माझं स्वतःचं मत गेल्या पंधरा वर्षांत बदललं, आणि ते वाद घालून नाही, ओळखीच्या एका आईमुळे बदललं.

मतभेद ठेवूनही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. कुणी विश्वासाने सांगितलं तर ते तिसऱ्याला सांगायचं नाही, अगदी पाळकांनासुद्धा विचारल्याशिवाय नाही. ‘बरं व्हावं’ म्हणून उपवास प्रार्थना लावायची नाही. पुलपीटवरून टोमणा नको. टोमणा कुणाला लागला हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही, पण तिसऱ्या रांगेतल्या त्या आईला कळतं. आणि काम काढून घ्यायचं नाही. गाणारा गात राहू दे.

दहावी पायरी : किल्ली

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण आहे, आणि ते जेवणावरून आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी काय केलं? वाटपाचं काम सात जणांवर सोपवलं. त्या सात जणांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प आणि पुढचे पाच. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात कोठाराची किल्ली दिली.

आपण उलट करतो. स्वागत समिती नेमतो, तिच्यात सगळे जुने. नव्याला काम देतो ते खुर्च्या लावायचं, आणि ठरवायची कामं पिढीजात घराण्यांकडे. म्हणून एक वेळापत्रक ठेवा. तिसऱ्या महिन्यात माणसाला विचारा, ‘तुम्हाला काय येतं, काय करायला आवडेल?’ सहाव्या महिन्यात त्याच्याकडे एक काम पूर्णपणे सोपवा, ज्यात त्याला ‘नाही’ म्हणता येईल आणि खर्च करता येईल, मग ते पाचशे रुपयांचं फुलांचं बजेट का असेना. वर्षाने सभासदत्वाचं बोला: जुन्या मंडळीचा दाखला, मतदार यादी, वर्गणी, सगळं. दाखला मिळत नसेल तर पाळकांनी स्वतः फोन करावा, त्या माणसाला दोन मंडळ्यांमध्ये हेलपाटे घालायला लावू नये.

आणि मयत फंड. नव्या माणसाच्या मनात एक प्रश्न असतो जो तो विचारत नाही: मी गेलो तर माती कुठे देणार, कोण येणार? विशेषतः घरात एकटाच ख्रिस्ती झालेल्याला. फंडाचे नियम, दफनभूमीची व्यवस्था, फोन कुणाला करायचा, हे एका कागदावर लिहून सभासद होताना हातात द्या. आमच्याकडे हा कागद एका वयस्क गृहस्थांना दिला तेव्हा त्यांनी तो चार घड्या करून पाकिटात ठेवला, आधार कार्डाच्या मागे.

चहाच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे अठरा वर्षं एकाच बाईंकडे होती. त्या बाई म्हणजे मी. ती देताना मला जे जड गेलं त्यावरून सांगते, तुमच्या मंडळीतही कुणी तरी अशी किल्ली धरून बसलं असणार, आणि त्या व्यक्तीला आपण सेवा करतोय असंच वाटत असणार. आता ती तीन जणींकडे फिरते. त्यांतली एक तेलुगू आहे आणि तिचा चहा मला फार गोड लागतो. मी काही बोलत नाही.

अकरावी पायरी : जे येईनासे झाले त्यांना फोन

एका वहीत नव्या माणसाचं नाव आणि पहिली तारीख लिहा. वही दोघांनीच बघायची. सलग तीन रविवार माणूस दिसला नाही की फोन करायचा, रविवारी नाही, बुधवारी. ‘का आला नाहीत’ असं विचारायचं नाही. ‘कशा आहात’ विचारायचं, आणि सहा महिने होऊन गेले असतील तर सरळ विचारायचं, ‘आमचं काय चुकलं ते सांगाल का? आम्हाला उपयोग होईल.’ उत्तर आलं की समर्थन द्यायचं नाही. ‘नाही नाही, त्यांचा स्वभावच तसा आहे’ हे वाक्य गिळायचं. ऐकायचं, आभार मानायचे, वहीत लिहायचं, आणि कमिटीत नाव न घेता वाचायचं.

मी पहिल्या वर्षी असे अकरा फोन केले. चौघांनी उचलले नाहीत. दोघांनी घर बदललं होतं. एका काकांनी पाऊण तास पार्किंगबद्दल सांगितलं. आणि ती नोटीस बोर्ड वाचणारी मुलगी, तिचा नंबर उपासनापत्रिकेमागच्या चिठ्ठीवर होता. त्या रविवारी ती कंटाळून गेली असेल, आली असेल एखाद-दोनदा, असं मी धरून चालले होते. तिने सांगितलं की ती त्याआधी आणि त्यानंतर मिळून चौदा महिने येत होती. ‘सगळे चांगले होते हो आंटी. दर वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, पुन्हा या.’

आता ती दुसऱ्या एका मंडळीत जाते. तिथे ती पेटी वाजवते. आमचे पेटीवाले भाऊ त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चार महिने घरी होते, आणि आम्ही सगळी गीतं तबल्यावर काढली होती.